हंसा वाडकर, अरुण साधू आणि आजीची ट्रंक

मागच्या शनिवारी एक जुना जपानी सिनेमा पाहिला. मिकिओ नारुसे या दिग्दर्शकाचा, १९६० सालचा. त्याचं इंग्रजी नाव 'व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स'. टोकियोच्या गिन्झा भागातला एक बार आणि तो सांभाळणारी केइको नावाची विधवा. रोज संध्याकाळी ती जिना चढून बारमध्ये जाते, गिऱ्हाइकांशी हसून बोलते, त्यांच्या ग्लासात दारू ओतते. तिला यातलं काहीही आवडत नाही. पण माहेरी आई आहे, भाऊ आहे, भावाच्या मुलाचं ऑपरेशन आहे, आणि या सगळ्यांचा डोळा तिच्या कमाईवर आहे. बस, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, रडारड नाही. तरी सिनेमा संपल्यावर तासभर काही सुचलं नाही.

केइकोचं काम करणारी नटी हिदेको ताकामिने. आता सवयच लागली आहे, सिनेमा आवडला की त्यातल्या माणसांबद्दल वाचत बसायचं (सोमवारी ऑफिसात डोळे लाल असतात ते यामुळे :)). तर ही बाई १९२४ साली जपानच्या उत्तरेला हाकोदाते गावात जन्मली. आई लवकर गेली, आत्याने दत्तक घेतलं, आणि १९२९ साली, म्हणजे पाचव्या वर्षी, ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तेव्हापासून तिच्या पैशावर नातेवाइकांचा मोठा गोतावळा जगला. शाळा जवळजवळ नाहीच. पुढे १९५४चा 'ट्वेंटी फोर आइज', १९५५चा 'फ्लोटिंग क्लाउड्स' असे एकाहून एक सिनेमे केले. १९७६ साली तिने आत्मचरित्र लिहिलं, स्वतःच्या हाताने, आणि त्याला लेखनाचं बक्षीसही मिळालं. २०१० साली ती वारली. म्हणजे केइकोच्या घरचे लोक पैसे मागायला येतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो थकवा दिसतो, त्याची तालीम पाचव्या वर्षापासून झालेली होती.

हे वाचताना मला आपल्याकडची एक बाई आठवली. वयाने ताकामिनेपेक्षा एकच वर्ष मोठी. तीही लहानपणापासून कमावणारी, तिनेही आयुष्य सांगितलं. आणि ती आठवली ती अकोल्याच्या आमच्या घरातल्या एका ट्रंकेमुळे.

माझी आजी अकोल्यात शाळामास्तरीण होती. तिचं माहेर परतवाडा. तिच्या पलंगाखाली एक हिरवी पत्र्याची ट्रंक असे. त्यात काय आहे ते आम्हा पोरांना माहीत नव्हतं, कारण हात लावला की "काऊन रे पोट्ट्या, तुले काय करा लागते त्यात?" असा आवाज यायचा. आजी गेल्यावर ती ट्रंक आम्ही उघडली. दोन लुगडी, काही पत्रं, एक पासबुक, आणि खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक. कव्हरवर तिच्या वळणदार अक्षरात 'अंकगणित'. आतलं पुस्तक मात्र अंकगणिताचं नव्हतं. ते होतं 'सांगत्ये ऐका', हंसा वाडकर यांचं आत्मकथन. राजहंस प्रकाशन, १९७०.

घरात सगळे हसले. मलाही हसू आलं. त्या काळात हे पुस्तक उघड वाचण्यासारखं समजत नसत. दारू, पुरुष, घरातून पळून जाणं, सगळं त्यात आहे. पुस्तकाच्या काही पानांचे कोपरे दुमडलेले होते. मी म्हटलं, चला, आजीने चावट पानं खुणा करून ठेवलेली दिसतात. आणि ती पानं आधी वाचली. ते काय निघालं ते पुढे सांगतो. आधी हंसाबाईंबद्दल.

हंसा वाडकर हे खरं नाव नव्हे. मूळ नाव रतन साळगावकर. जन्म २४ जानेवारी १९२३, मुंबईचा. वडिलांकडचं घराणं कलावंतिणींचं. घरात गाणं होतं, पैसा टिकत नव्हता. घर चालवायला कोणीतरी हवं होतं आणि ते 'कोणीतरी' म्हणजे ही मुलगी ठरली. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या बोलपटातून ती पडद्यावर आली. तेव्हा वय तेरा. साळगावकर नाव सिनेमात नको, म्हणून आत्याचं वाडकर आडनाव लावलं. थोडक्यात, ज्या घरासाठी काम करायचं त्या घराचं नाव मात्र लावायचं नाही, अशी सुरुवात.

त्या काळी चांगल्या घरच्या बायका सिनेमात येत नसत असं आपण ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. दुर्गा खोटे १९३१ सालीच आल्या होत्या, त्या शिकलेल्या आणि मोठ्या घरातल्या. त्यांनाही संसाराच्या अडचणीमुळेच काम करावं लागलं. पण त्यांच्यामागे शिक्षण होतं, इंग्रजी होतं, माहेरचं नाव होतं. पुढे त्यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढली, १९८३ साली त्यांना फाळके पुरस्कार मिळाला. हंसाबाईंच्या मागे यातलं काही नव्हतं. गळा, चेहरा, आणि कामाची प्रचंड ताकद, एवढंच भांडवल. आणि त्या भांडवलाचा हिशेब नेहमी दुसऱ्याच कोणाकडे.

लग्न लहान वयातच झालं, जगन्नाथ बंदरकर यांच्याशी. ते वयाने बरेच मोठे आणि घरी आधीपासून येणारे-जाणारे. आता काम सोडायचं आणि संसार करायचा, हे हंसाबाईंचं स्वप्न होतं. इथे जरा थांबा. आज आपल्या डोक्यात गोष्ट अशी असते की बाईला काम करायचं असतं आणि नवरा नको म्हणतो. इथे नेमकं उलटं आहे. तिला घरी बसायचं होतं आणि घराला तिचं घरी बसणं परवडत नव्हतं. लग्नानंतर लवकरच ती परत स्टुडिओत गेली. वर पुन्हा संशय आहेच, की बाहेर कोणाबरोबर असते, काय करते. कमाई हवी, पण कमावायला बाहेर पडलेली बाई नको. हे गणित काही आजही कुठे सुटलंय!

काम मात्र वाढत गेलं. बॉम्बे टॉकीजमध्ये १९३९चा 'नवजीवन' केला. मग प्रभातमध्ये १९४१चा 'संत सखू', दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं. १९४७ साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी'. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, गदिमांची लेखणी, रामजोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बया नावाच्या तमासगिरिणीच्या भूमिकेत हंसा वाडकर. या सिनेमानंतर मराठीत तमाशापटांची जी रांग लागली ती पुढची वीसेक वर्षं हटली नाही. १९४९ला 'संत जनाबाई', १९५०ला राजा परांजपे यांचा 'पुढचं पाऊल', त्यात सोबत पु. ल. देशपांडे. आणि १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका', जो पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. पडद्यावरच्या लावण्यांमुळे लोकांना त्यातली जयश्री गडकर जास्त आठवते, पण हंसाबाईंची चिमा नसती तर गोष्टच उभी राहिली नसती.

ही यादी परत एकदा पाहा. सखू, जनाबाई, बया, चिमा. दोन संत आणि दोन तमासगिरिणी. त्या काळच्या मराठी पडद्याकडे बाईसाठी मुख्य साचे हेच दोन, एक देव्हाऱ्यातला आणि एक फडातला. एकाच बाईला दोन्हीत बसवलं आणि ती दोन्हीत शोभली. सखूची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. सासरी छळ, पंढरीची ओढ, ती वारीला जाते आणि घरी विठ्ठल तिचं रूप घेऊन धुणी-भांडी करतो. जनाबाईला तर तो दळण दळू लागतो. पडद्यावर ही कामं करून हंसाबाई घरी यायच्या तेव्हा त्यांच्या जागी दळायला कोणी उभा नसायचा.

आमच्या वऱ्हाडाचं या सगळ्याशी नातं तसं प्रेक्षकाचं. सिनेमाच्या धंद्यात आमचा भाग 'सीपी बेरार' नावाच्या सर्किटमध्ये मोडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला, वऱ्हाड १९५६ला मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात आलं, पण सिनेमावाल्यांनी ते नाव काही सोडलं नाही. अमरावतीत सिनेमा वितरकांची कचेऱ्यांवर कचेरी होती. आणि परतवाड्याहून बैतूलकडे जाताना लागणारं बहिरम, तिथली हिवाळ्यातली महिनाभराची यात्रा. हंडीतलं मटण, रोडगे, तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीजचे तंबू यांसाठी ती एकेकाळी प्रसिद्ध होती. आजी सांगायची की लहानपणी तिने बहिरमच्या तंबूत सिनेमा पाहिला, बायकांच्या बाजूला बसून. शेजारच्या फडातली ढोलकी तंबूत ऐकू यायची. खऱ्या तमाशाला बायकांनी जायचं नाही, सिनेमातला तमाशा मात्र चालायचा. "तिथं सोबत आई होती न बाप्पा," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

पण वऱ्हाडचं आणखी एक नातं आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं. 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक हंसाबाईंनी लिहिलेलं नाही, सांगितलेलं आहे. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'मध्ये ते आधी आलं, आणि ते ऐकून लिहून घेणारा तरुण पत्रकार होता अरुण साधू. होय, तेच ते, 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) लिहिणारे, २००७ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. जन्म १७ जून १९४१, परतवाडा, जिल्हा अमरावती. म्हणजे आजीच्या माहेरचे! तिला हे माहीत होतं की नाही, विचारायला आता ती नाही.

मंत्री, उद्योगपती, पत्रकार, युनियनवाले यांची सत्तेची भांडणं लिहिणारे साधू आपल्याला माहीत असतात. पण त्याआधी त्यांनी हे काम केलं, समोर बसून एका बाईचं ऐकून घेण्याचं. मी पुस्तक दोनदा वाचलं. मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की त्यात लिहून घेणारा दिसत नाही. कुठे मध्ये घुसून तो बाईची बाजू मांडत नाही, तिला माफ करत नाही, तिच्या चुकांवर अलंकार चढवत नाही. वाक्यं छोटी. एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात उडी. बाई दारू प्यायची ते सांगते. पुरुषांबद्दल सांगते. एका जमीनदाराबरोबर निघून गेले, मराठवाड्यातल्या त्याच्या गावी त्याच्या आधीच दोन बायका होत्या, तिथे आपण तिसऱ्या झालो, पडद्यात राहिलो, शेतीच्या घरातली कामं केली, बाहेर पडायची मुभा नव्हती, हे सांगते. जवळपास तीन वर्षं! महाराष्ट्रभर जिचा चेहरा लोक ओळखत होते ती बाई एका वाड्यात दिसेनाशी झाली. शेवटी सोडवायला आला तो नवराच, ज्याच्यापासून ती निघाली होती. आणि त्या सुटकेच्या वेळी ज्या अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं होतं, त्यानेच आपल्यावर अत्याचार केला, हेही ती सांगते. फार शब्द न वापरता.

या पुस्तकावर श्याम बेनेगलांनी १९७७ला 'भूमिका' काढला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांची. अमोल पालेकरचा नवरा पाहून आजही राग येतो, आणि अमरीश पुरीचा काळे तर आवाज न चढवता दार बंद करतो, ते जास्त भयंकर. सिनेमा उत्तमच आहे. पण पुस्तक वाचून सिनेमा पाहिला की एक फरक जाणवतो. सिनेमातली उषा स्वतःला शोधतेय असं वाटतं, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे. पुस्तकातली हंसा तेवढी 'शोधात' नाहीये. ती दमलेली आहे. तिला बसायला जागा हवी आहे.

पुस्तकाचं नाव तिच्याच गाजलेल्या सिनेमाचं. लिहिताना आपण 'सांगते' लिहितो, हे 'सांगत्ये' आहे, तोंडातलं. २०१३ साली याचं इंग्रजी भाषांतर आलं, त्याचं नाव 'यू आस्क, आय टेल'. तुम्ही विचारता, मी सांगते. मराठी नावात 'तुम्ही विचारता' कुठेच नाही. कोणी विचारायची वाट तिने पाहिली नाही, उलट 'ऐका' म्हणून बजावलं. मला मराठी नाव जास्त पटतं. पण हेही खरं की साधूंसारखा ऐकणारा नसता तर हे कागदावर आलं नसतं. ताकामिनेने शाळा नसताना वाचन शिकून स्वतः लिहिलं, १९५५ साली पटकथालेखक झेन्झो मात्सुयामाशी लग्न केलं, १९७९ला सिनेमा थांबवला आणि पुढे तीस वर्षं जगली. हंसाबाई पुस्तक आल्यानंतर वर्षभरातच, २३ ऑगस्ट १९७१ला गेल्या. वय ४८.

दोघींत एवढा फरक कशामुळे पडला? नशीब म्हणून सोडून देता येईल. पण मला वाटतं, त्यातला मोठा वाटा पैशाच्या ताब्याचा आहे. ताकामिने १९५०च्या सुमाराला स्टुडिओचा करार सोडून स्वतंत्र झाली. कुठला सिनेमा करायचा, कोणाबरोबर, हे ती ठरवू लागली. त्या काळात जपानी स्टुडिओ नटनट्यांना बांधून ठेवत, तेव्हा ही छोटी गोष्ट नव्हती. हंसाबाईंच्या आयुष्यात असा दिवस आला नाही. कमावती बाई म्हणजे स्वतंत्र बाई, असं आपण फार पटकन म्हणून टाकतो. हंसाबाई तेराव्या वर्षापासून कमावत होत्या. त्यांच्या गळ्यातली दोरी त्या कमाईचीच होती.

आता ते दुमडलेले कोपरे.

मी ती पानं एकेक करून पाहिली. त्यात चावट काहीही नव्हतं. जिथे जिथे पैशाचा विषय होता तिथे कोपरा दुमडलेला. पगार किती ठरला, कोणी घेतला, घरी काय दिलं, हातात काय उरलं. मी आईला दाखवलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, तिचा पगार एक तारखेले सासऱ्याच्या हातात जाये. सही तिची, पैसे त्यायचे. सिनेमाले चार आणे पाहिजे असले तरी मागा लागत."

मला हे माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात आजी म्हणजे आमच्या खानदानातली पहिली नोकरीवाली बाई, घरातला अभिमानाचा विषय. मी स्वतः तिचं उदाहरण मित्रांना दिलेलं आहे, की बघा, आमच्याकडे त्या काळातसुद्धा बायका नोकरी करायच्या! नोकरी करायची, हे खरंच आहे. पुढचा प्रश्न मी कधी विचारला नाही.

ट्रंकेतलं पासबुक तिच्या एकटीच्या नावाचं होतं, निवृत्तीनंतर उघडलेलं. रक्कम फार नव्हती. पैसे दर महिन्याला भरलेले आणि क्वचित काढलेले, काढलेल्या आकड्यापुढे पेन्सिलने बारीक टीप. 'साडी'. 'अमरावती जाणे येणे'. 'पुस्तक'. कोणाला हिशेब द्यायचा नव्हता, तरी लिहिलेलं.

असो. 'भूमिका' बहुतेकांनी पाहिलेला असतो, न पाहिला असेल तर पाहाच. पण 'सांगत्ये ऐका' आधी वाचा. पुस्तक लहान आहे, एका रविवारात होतं. आणि घरात कोणी म्हातारी कमावती बाई असेल तर तिला विचारा, पगार कोणाच्या हातात जायचा. मी विचारलं असतं तर आजीने नक्की सांगितलं असतं, असं काही मी म्हणत नाही. कदाचित "तुले काय करा लागते" म्हणाली असती. पण विचारायला हवं होतं.